चपलांचा कायदा

प्रिय भिंगरी,

तू रागावली आहेस, हे कळायला मला फोनची गरज नाही. एरवी दिवसातून दोनदा "आई, जेवलीस का" म्हणून विचारणारी मुलगी रविवारपासून गप्प आहे. बाबांना मात्र फोन येतो, तोही मी बाहेर गेल्यावर. बाबांना कसलं लपवता येतंय. मी आत आले की ते घाईघाईने चष्मा पुसायला घेतात, आणि त्यांनी चष्मा पुसायला घेतला की मी ओळखते, काहीतरी शिजतंय. चूक तुझी नाहीच. तू तुझ्या नव्या कारखान्याचे फोटो पाठवलेस, मागोमाग हौसेने फोन केलास, "कसा वाटला गं?" म्हणून विचारलंस, आणि मी "बरा आहे, मग बोलू" म्हणून फोन ठेवून दिला. पोरीने एवढ्या कष्टाने स्वतःचं काहीतरी उभं करावं आणि आईच्या तोंडून दोन चांगले शब्द निघू नयेत, याला काय म्हणावं. तुझ्या जागी मी असते तर मीही तोंड फुगवून बसले असते. तुझं फुगलेलं तोंड कसं दिसतं ते मला पाठ आहे, त्यामुळे फोटो पाठवायची तसदी घेऊ नकोस.

तेव्हा आधी ते दोन शब्द घे. कारखाना फार देखणा झाला आहे. खिडक्या मोठ्या आहेत, उजेड डाव्या अंगाने येतो, मशीनला मशीन चिकटून नाही, मधून माणूस बाजूला न होता सरळ जाईल. "कारखाना काय म्हणतेस, आठ मशीनची खोली तर आहे," असं तू म्हणशील. पण ज्या खोलीत आठ बायका बसून आपलं पोट भरणार तो कारखानाच. खुंटीवर टांगलेली ती झबली मी फोटो मोठा करकरून बघितली. टीप सरळ आहे, गळ्याची पट्टी कुठे चुणलेली नाही. तेवढं माझ्यावर गेलीस, बाकी सगळी बाबांवर. आणि तान्ह्या बाळांचे कपडे शिवायचं मनात आणलंस हे तर मला इतकं आवडलं की मी शेजारणीला दोनदा सांगितलं. तिने दुसऱ्यांदाही पहिल्यांदाच ऐकल्यासारखं केलं, चांगली बाई आहे.

उद्घाटनाला मी यावं आणि पहिली टीप मी मारावी, असं तू म्हणालीस. येते म्हणून मी अजून सांगितलेलं नाही, आणि बाबांनी परस्पर गुडघ्याचं कारण पुढे केलं आहे. गुडघा ठणठणीत आहे. कारण वेगळं आहे आणि ते फोनवर सांगता येण्यासारखं नाही. मी रडायला लागले की तू "काय झालं, काय झालं" करून ओरडतेस, आणि मग कुणीच काही सांगत नाही. म्हणून पत्र लिहितेय. शेवटपर्यंत वाच, मधेच फोन उचलू नकोस.

तुला आपल्या जुन्या घराची लाज वाटायची. नाही म्हणू नकोस. सगळ्या गल्लीत आलेला माणूस दारात चपला काढायचा, आणि आपल्याकडे मी "असू दे, असू दे, घालूनच या" म्हणून त्याला आत ओढायची. तुझ्या मैत्रिणी उंबऱ्यावर एक पाय उचलून बगळ्यासारख्या उभ्या राहायच्या, काढावी की ठेवावी. घरात पायाला कायम कचकच लागायची. तू शाळेतून आलीस की आधी फडकं घ्यायचीस आणि पुसताना तोंडातल्या तोंडात मला काय काय म्हणायचीस, ते मला ऐकू यायचं. पलंगाखाली चपला, माझ्या खुर्चीखाली चपला, स्वयंपाकघरात कोपऱ्यात चपला. तुझं लग्न ठरताना जावईबापूंच्या आई पहिल्यांदा आल्या, दारात चपला काढायला वाकल्या, आणि मी त्यांचा हात धरून त्यांना तशाच आत आणलं. त्या माउलीला वाटलं असणार, या घरात फरशी पुसतच नाहीत. त्या गेल्यावर तू म्हणालीस, "आई, तुला साधं वळण नाही." बाबा तिथेच बसले होते. त्यांना सगळं माहीत होतं, तरी काही बोलले नाहीत. मीही बोलले नाही. मला वाटलं, लेक सासरी चालली आहे, आता कशाला तिच्या पदरात हे टाका.

तुला मावशी कितपत आठवते? तिचा आवाज आठवतो का? भिंगरी हे नाव तिचंच. तू तिचं बोट धरून स्वतःभोवती गरागरा फिरायचीस आणि पडलीस की पुन्हा बोट मागायचीस. माझ्या पाठची बहीण, लग्न व्हायचं होतं, आपल्याकडेच राहायची. मी कारखान्यात कॉलर शिवायची आणि ती काज-बटणाच्या टेबलावर. हात असा चालायचा की बघत राहावं, आणि विसराळू अशी की डोकं धडाला जोडलेलं होतं म्हणून बरं, नाहीतर तेही बसमध्ये ठेवून आली असती. छत्री विसरायची, डबा विसरायची, एकदा तर तुलाच किराणा दुकानात विसरून आली होती. तू तिथे ओट्यावर बसून मजेत शेंगदाणे खात होतीस. मी तिला इतकी बोलले, इतकी बोलले, आणि तुम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसत होतात.

आता कारखान्याचं ऐक. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, आणि माल सगळा पांढरा. पांढरे शर्ट, पांढरे डॉक्टरी कोट. कॉलरवर मुगाएवढा डाग पडला तरी तो नग परत यायचा. म्हणून मजल्यावर चपला नाहीत, सगळ्या अनवाणी. पुढच्या दाराबाहेर, जिन्याच्या तोंडाशी, चपलांची लांबलचक लाकडी मांडणी होती. बसायच्या जागेच्या क्रमानेच प्रत्येकीचा खण. सकाळी तिथे चपला काढायच्या आणि आत यायचं, सुट्टीची घंटा झाली की तिथेच चपला घालायच्या, वॉचमनकाकांना पिशवी दाखवायची आणि जिना उतरायचा. चहाची घंटा तीच, जेवणाची तीच, सुट्टीची तीच. आणि खरं सांगू, आम्हाला त्या जमिनीचा अभिमान होता. ताटाशिवाय जेवायला बसलं असतं तरी चाललं असतं इतकी स्वच्छ. नवी मुलगी चुकून चपलेसकट आत आली तर सुपरवायझरच्या आधी आम्हीच तिच्यावर खेकसायचो. मागच्या बाजूला दुसरं दार होतं. त्याला बाहेरून लोखंडी जिना, त्यावरून कापडाचे गठ्ठे वर यायचे. आमच्या कारखान्याला लागलेल्या आगीबद्दल कुणी विचारलं की लोक पहिलं हेच म्हणतात, "दाराला कुलूप असणार." नव्हतं गं. ते दार सताड उघडं होतं, वाऱ्यासाठी आम्ही त्याला वीट लावून ठेवायचो.

आग लागली खाली, पुढच्या जिन्याजवळच्या पॅकिंगच्या खोलीत. जुनी वायर आणि भिंतीला लावून छतापर्यंत रचलेली पुठ्ठ्याची खोकी. आम्हाला वर आधी नुसता वास आला, कापडावर इस्त्री विसरल्यासारखा. सगळ्या इस्त्रीवाल्याकडे बघून त्याची चेष्टा करायला लागल्या, "कुणाच्या विचारात आहात?" तो बिचारा दोन्ही हात वर करून दाखवत होता. तेवढ्यात सुपरवायझरने घंटा दिली. दुसरं तो काय देणार? आमच्याकडे तेवढीच एक घंटा होती. आणि घंटा झाल्यावर आम्ही जे रोज करायचो ते केलं. उठलो, मशीनवर फडकी टाकली, दिवे बंद केले. कुणी पळालं नाही, कुणी ओरडलं नाही. एकदोघी तर खूश होत्या, आज लवकर सुट्टी म्हणून. मी मागच्या दाराजवळ बसायची. मावशी मधल्या टेबलावरून माझ्याकडे आली आणि म्हणाली, "ताई, आपण मागून जाऊ, पुढे गर्दी झाली." हे लक्षात ठेव. मागून जायचं तिला सुचलं होतं, मला नाही. ती डबा टेबलावरच विसरून आली होती, तो मी जाऊन उचलून आणला. आम्ही दारापर्यंत आलो. माझा एक पाय लोखंडी जिन्यावर पडला होता. तिने खाली आपल्या पायांकडे बघितलं आणि म्हणाली, "अगं, चपला. आलेच."

आणि ती वळली. मी तिला हाक मारली नाही, कारण हाक मारण्यासारखं काही घडलंच नव्हतं. माणूस चपला घालायला गेलं, येईल. मागून बायका उतरत होत्या, त्यांच्याबरोबर मी खाली आले आणि अंगणात तिची वाट बघत उभी राहिले, हातात तिचा डबा. पुढच्या जिन्यातून धूर वर कधी चढला ते मागून दिसलं नाही. पुढे काय झालं ते मी लिहिणार नाही. जिची चप्पल पुढच्या दाराला होती ती पुढच्या दाराला गेली, एवढंच. सुपरवायझर त्यांना परत बोलवायला गेला, तोही आला नाही. चांगला माणूस होता, त्याची नक्कल करून मावशी आम्हाला हसवायची.

त्या अंगणात फुटक्या काचा आणि पत्र्याचे तुकडे पडलेले असायचे आणि मी त्यात अनवाणी उभी होते, मला कळलंसुद्धा नाही. बाबा त्यांच्या गॅरेजमधून धावत आले. त्यांनी मला हलवलं नाही, काही विचारलं नाही. खाली बसले, आपल्या पायातल्या चपला काढल्या, माझे पाय एकेक करून उचलले आणि त्यात घातले. मग स्वतः घरापर्यंत तसेच चालत आले. त्यांच्या टाचेवरचा तो व्रण तू लहानपणी बोटाने चाचपायचीस आणि ते सांगायचे, मगर चावली. ती मगर म्हणजे त्या अंगणातली काच.

यानंतर जे झालं ते मला आगीपेक्षा जास्त जाळत राहिलं. चौकशी बसली. मालकांचा वकील उभा राहिला आणि शांतपणे म्हणाला, दार उघडं होतं, जिना मोकळा होता, खाली उतरलेल्या बायका समोर बसल्या आहेत. बाकीच्या चपलांसाठी मागे फिरल्या. याला कारखाना काय करणार? तो खोटं बोलत नव्हता, हीच तर पंचाईत होती. वर्तमानपत्रात तेच आलं. भेटायला येणारी माणसं पाठीवरून हात फिरवायची आणि जाताना हळूच म्हणायची, "चपला काय, दुसऱ्या आल्या असत्या." तुझ्या शाळेतल्या एका मुलीने तेच आपल्या घरी ऐकलेलं तुला ऐकवलं, आणि तू तिच्या दंडाला कडकडून चावलीस. बाईंनी मला बोलावून घेतलं. घरी येताना तू विचारलंस, "मावशी चपलेसाठी मेली का?" मी म्हटलं, आधी जेवून घे. काय सांगणार होते? मला तरी कुठे माहीत होतं? तिच्या त्या चपला मी रोज बघत होते. अंगठा तुटलेला, सेफ्टी पिन लावून चालवलेला. रस्त्यात टाकल्या असत्या तर कुत्र्यानेही उचलल्या नसत्या. माझी हसरी, चलाख बहीण त्यांच्यासाठी परत गेली? ती गेली याचं दुःख होतंच, पण ती वेड्यासारखी गेली असं सगळं जग म्हणत होतं आणि मला त्यावर एक शब्द बोलता येत नव्हता.

चौकशीसाठी ज्या बाई नेमल्या होत्या, त्या एक दिवस जागा बघायला आल्या. कोण कुठे बसत होतं हे दाखवायला मला बोलावलं होतं. जळकी भिंत, काळी जमीन, छताचे लोंबणारे पत्रे. पुढच्या जिन्याच्या तोंडाशी वॉचमनकाका उभे होते. बाई आत पाऊल टाकणार तेवढ्यात काका म्हणाले, "बाई, चपला." जळून कोळसा झालेल्या मजल्यावर, गं. त्यांच्या तोंडून ते निघून गेलं आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बाई त्यांच्याकडे वळल्या. मला वाटलं चिडणार. पण त्यांनी वाकून चपला काढल्या आणि मांडणी जिथे होती तिथे भिंतीशी ठेवल्या. मीही काढल्या. आम्ही दोघी त्या काजळीतून अनवाणी फिरलो. मी माझी जागा दाखवली, काज-बटणाचं टेबल दाखवलं, मागचं दार दाखवलं. बाई त्या दारातून बाहेर पडून लोखंडी जिन्यावर उभ्या राहिल्या. खाली अंगणात त्यांची गाडी उभी होती. ड्रायव्हरने वर बघून दारही उघडलं. बाई मला म्हणाल्या, "चला, झालं आपलं काम," आणि वळून परत आत आल्या आणि सबंध मजला ओलांडून पुढच्या दाराकडे चालायला लागल्या.

मध्यावर आल्यावर त्या थांबल्या. मागे वळून त्या उघड्या दाराकडे बघितलं, मग पुढे बघितलं, मग स्वतःच्या काळ्या झालेल्या पायांकडे. आणि मला विचारलं, "मी कुठे निघाले होते?" मी म्हटलं, "चपला घालायला." भिंगरी, त्या बाई तिथेच एका जळक्या स्टुलावर बसल्या. धूर नव्हता, गर्दी नव्हती, घंटा नव्हती, डोकं शांत होतं, शिकलेलं होतं, आणि तरी त्यांचे पाय निघाले होते. मी त्यांच्यासमोर उभी राहून रडले. आगीनंतर पहिल्यांदा मोकळी रडले, कारण मला माझं उत्तर मिळालं होतं. मावशी चपलांसाठी गेलीच नव्हती. जिथे चपला तिथे बाहेर जायची वाट, हे आम्ही तिच्या पायांना वर्षानुवर्षं रोज शिकवलं होतं, आणि पायांनी शिकवलेलं केलं.

पुढचं तुला अंधुकसं आठवत असेल, कारण मी तुला कडेवर घेऊन फिरत होते. बाईंनी अहवालात चपलांबद्दल आख्खं प्रकरण लिहिलं आणि लोक हसले. मालकमंडळी त्याला चपलांचा कायदा म्हणायची. एकजण तर म्हणाले, आता टोपीचाही कायदा काढा. एकदा आम्ही सगळ्या त्यांच्या कचेरीवर गेलो. हातात एकेक चप्पल होती, दाखवायला, की बघा, ही गोष्ट काय आहे. आमच्या हातात चपला बघून आतल्या साहेबांना वाटलं मारायलाच आल्या, आणि ते खरोखर मागच्या दाराने पळाले. वाट बरोबर सापडली त्यांना. आम्ही पायऱ्यांवर बसून हसलो आणि मग तिथेच बसून राहिलो, दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशीही. धुळीचं काय, पांढऱ्या मालाचं काय, हा त्यांचा प्रश्न होता. त्यावर तोड निघाली: आतले बूट. हलके, रबरी तळाचे, कारखान्यानेच द्यायचे, मजल्यावर घालून बसायचे आणि वेळ आली तर तेच घालून काचांवरूनही पळायचं. बाहेरच्या चपला पिशवीत घालून आपापल्या मशीनखाली, दारात एकही नाही. आगीचा भोंगा वेगळा, सुट्टीची घंटा वेगळी. जिन्याजवळ पुठ्ठा ठेवायचा नाही, वायरी दरवर्षी तपासायच्या. आणि दर महिन्याला सराव, त्यात कधी पुढचं दार बंद, कधी मागचं. हे सगळं व्हायला तू बालवाडीतून चौथीत गेलीस. पण झालं, आणि झालं ते फक्त आमच्या कारखान्यापुरतं नाही, सगळ्यांसाठी कायदा म्हणून.

कारखान्याच्या नव्या इमारतीतला पहिला सराव आठवला की मला अजून हसू येतं. भोंगा झाला, सगळ्यांना आधी दहादा समजावलेलं, पायात बूट, मागचं दार उघडं, आणि तरी निम्म्या बायका शिस्तीत पुढच्या दाराकडे निघाल्या. तिथे मला लाल फडकं घेऊन उभं केलं होतं. मी ओरडले, "चपला गेल्या खड्ड्यात, मागे फिरा!" तेव्हापासून मला त्या कारखान्यात खड्डेवाली ताई म्हणायचे. दुसऱ्या सरावाला थोड्या कमी आल्या, तिसऱ्याला आणखी कमी. पायांना नवं शिकवायला वर्ष गेलं. मी निवृत्त व्हायच्या आधी त्या नव्या इमारतीत एकदा खरी आग लागली, इस्त्रीच्या खोलीत. भोंगा झाला. मी लाल फडकं शोधेपर्यंत मजला रिकामा. सगळ्या मागच्या अंगणात उभ्या, एकीच्या एकाच पायात बूट, दुसरा जिन्यावर पडलेला, आणि ती हसत होती, "ताई, बूट गेला खड्ड्यात." मी तिच्या गालावरून हात फिरवला आणि मग माझ्याने तिथे उभं राहवेना. कोपऱ्यात जाऊन बसले. तिला आता नातवंडं आहेत. कधी बाजारात भेटली की मी आधी तिच्या पायांकडे बघते.

आता घरातल्या त्या कचकचीचं कारण तुला कळलं असेल. मला दारात ओळीने ठेवलेल्या चपला बघवत नाहीत. कुणाच्या का असेनात. मी आलेल्या माणसाला घालूनच ये म्हणते, कारण तो कुठल्याही दाराने बाहेर पडू शकावा. बाबांनी एकदा मला विचारलं होतं, पोरीला सांगायचं का. मी म्हटलं, नको, तिला मावशी हसरी आठवू दे. तू मात्र माझी फरशी पुसून पुसून मोठी झालीस, आणि तेव्हाच मनाशी ठरवलं असणार, माझी जागा असेल तर ती लख्ख असेल. पांढऱ्या झबल्यांवर डाग पडू नये म्हणून तू जे केलंस ते कुठल्याही नीटनेटक्या बाईने केलं असतं. ते वाईट नाही. फक्त तुला माहीत नव्हतं, आणि माहीत असायला मी सांगितलेलं नव्हतं.

पाचव्या फोटोत, बाळा, पुढच्या दाराशी जावईबापूंनी केलेली ती मांडणी आहे. निळा रंग, आठ खण, प्रत्येक खणावर एकेकीचं नाव, आणि खाली तू लिहिलंस, "बघ आई, आमच्याकडे दारातच चपला काढायच्या!" तो बघून मी फोन ठेवला. तुझ्या खोलीला मागे दार आहे, फोटोत दिसतं, त्याच्यापुढे कापडाचा एकच गठ्ठा आहे. तुझ्याकडे आठजणी, आमचा कायदा वीसजणींच्या पुढे लागू होतो. तो तुझ्यापर्यंत पोचत नाही, म्हणून हे पत्र. जावईबापूंना सांग, मांडणी फार सुबक आहे, तिच्यात रिळं ठेवा, आठ खणांत आठ रंग छान दिसतील. तो गठ्ठा हलव. बाबांनी आठजणींसाठी आतले बूट आणले आहेत, नववा जोड तुझा. मावशीच्या डब्यात मी तुझ्यासाठी सुया आणि बटणं भरून ठेवली आहेत, तो अजून धड आहे. रविवारी उद्घाटनाला मी येते. दारात तुझ्या सासूबाई उभ्या असतील, सगळी माणसं बघत असतील, तरी मी चपला काढणार नाही, त्या घालूनच तुझ्या लख्ख फरशीवरून चालत जाईन आणि पहिली टीप मारीन. मग तू माझं बोट धर, आणि तुझ्या आठही बायकांना घेऊन आपण मागच्या दाराने बाहेर पडू.

तुझीच, वळण नसलेली,
आई